घोडा एका रांगेत घडला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलाच्या पुस्तकात घोड्याच्या उत्क्रांतीचं चित्र आहे. आधी कोल्ह्याएवढा चार बोटांचा प्राणी, मग मेंढीएवढा तीन बोटांचा, मग तट्टू आणि शेवटी आजचा घोडा. खरंच असं एकामागून एक झालं का? बोटं गेली कशी? आणि घोड्याचे पूर्वज गुजरातेत सापडले असं वाचलं, मग घोडा मूळचा आपला म्हणायचा का?

मी घोड्यांची डॉक्टर. पुण्याच्या आसपासचे स्टड फार्म, रेसचे तबेले आणि जमेल तेव्हा दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा घोडेबाजार, यांत माझी सारी नोकरी झाली. जीवाश्म खणून काढणं हे माझं काम नाही, पण पाय, दात आणि पोट या तीन गोष्टींसाठीच लोक मला बोलावतात आणि घोड्याचा सगळा इतिहास या तिघांतच साठलेला आहे. तेव्हा त्याच बाजूने सांगते.

चित्रातले प्राणी खरे आहेत. खोटी आहे ती रांग.

ही रांग आली कुठून, ते आधी बघू. १८४१ मध्ये शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात सापडलेल्या एका छोट्या कवटीचं वर्णन केलं. तिचा घोड्याशी काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. हायरॅक्स नावाचा सशाएवढा खुरी प्राणी आफ्रिकेत असतो, त्याच्यासारखी ती वाटली म्हणून त्यांनी नाव दिलं हायराकोथेरियम. पुढे १८७६ मध्ये उत्क्रांतीचे पुरस्कर्ते इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस हक्सले अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेले. युरोपात सापडलेल्या हाडांवरून त्यांनी घोड्याची एक वंशावळ मांडली होती आणि तीच ते तिथे सांगणार होते. येल विद्यापीठात जीवाश्मशास्त्रज्ञ ऑथनिएल मार्श यांनी त्यांना आपला संग्रह दाखवला. हक्सले विचारत, अमुक आणि तमुक यांच्या मधला प्राणी आहे का, आणि मार्श ते हाड काढून समोर ठेवत. हक्सले यांना कबूल करावं लागलं की घोडा अमेरिकेत घडला, युरोपात तो अधूनमधून येऊन गेलेला पाहुणा. त्याच वर्षी मार्श यांनी सर्वांत जुन्या अमेरिकी घोड्याला इओहिपस हे नाव दिलं. चार बोटं, तीन बोटं, एक बोट अशी त्यांनी लावलेली मालिका इतकी सुबक होती की ती संग्रहालयांच्या भिंतींवर आणि तिथून जगभरच्या शालेय पुस्तकांत गेली. ओवेन यांचा मूळ हायराकोथेरियम आता घोड्यांच्या वंशात धरतच नाहीत. तो पॅलिओथेअर नावाच्या शेजारच्या, नामशेष झालेल्या कुळात जातो. आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत मात्र पहिला घोडा म्हणून अजून त्याचंच नाव असतं.

आता ‘लहानाचा मोठा होत गेला’ याबद्दल. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या बिगहॉर्न खोऱ्यात सिफ्रहिपस नावाच्या घोड्याचे दात मोठ्या संख्येने मिळाले आहेत. काळ सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा पृथ्वीचं तापमान एकाएकी चढलं होतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या दातांच्या आकारावरून वजन काढलं, आणि दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, तापमान. त्यात दिसलं की तापमान वाढलं तसा हा आधीच लहान असलेला प्राणी आणखी लहान झाला. साडेपाच किलोच्या आसपासचा घोडा चार किलोच्या आत आला, म्हणजे जवळपास ३० टक्क्यांनी घटला, आणि गारवा परतल्यावर सात किलोपर्यंत वाढला. घराण्याच्या अगदी सुरुवातीलाच घोडा मांजराएवढा झाला होता! चित्रात हे कुठेच नसतं.

त्या काळातला घोडा जगायचा कसा, हे जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीमुळे कळतं. तिथे ४.७ कोटी वर्षांपूर्वी एक तळं होतं आणि त्याच्या तळाच्या चिखलात प्राणी इतके नीट टिकले की नुसता सांगाडाच नाही, पोटातलं शेवटचं खाणंही मिळतं. तिथल्या छोट्या घोड्यांच्या पोटात पानं आणि द्राक्षाच्या जातीच्या फळांच्या बिया सापडल्या. गवताचा पत्ता नाही. तिथेच युरोहिपसची एक गाभण मादी मिळाली. तिच्या पोटातलं शिंगरू, गर्भाशयाच्या आवरणाचे ठसेसुद्धा दिसतात. मी तिचे फोटो आणि रेखाटनं बघितली आणि थक्क झाले. कुत्र्याएवढी ती घोडी, पण गर्भाशय बांधून ठेवणारा पडदा आजच्या घोडीत असतो तसाच. शरीर किती बदललं याच्या गप्पा आपण मारतो, आणि काही भाग असा कोट्यवधी वर्षं जसाच्या तसा राहतो.

मधल्या काळातले मेसोहिपस आणि मायोहिपस चित्रात एकामागे एक उभे असतात. प्रत्यक्षात मायोहिपस आला तेव्हा मेसोहिपस होताच, आणि दोघे लाखो वर्षं एकाच काळात राहिले. म्हणजे बाप संपला आणि मुलगा आला असं नाही; एक फांदी फुटली आणि मूळ फांदीही चालू राहिली. मग साधारण १.८ ते १.५ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत या झुडपाला एकदम फुटवे आले. त्या एका खंडावर डझनभराच्या वर प्रकारचे घोडे नांदत होते. हायपोहिपस आणि मेगाहिपससारखे अंगाने मोठे झाले, पण शेवटपर्यंत झाडपाला खात राहिले आणि तीन बोटांवर चालले. आर्किओहिपस, नॅनिपस यांनी उलटी वाट धरली आणि ते बुटके झाले. अँकिथेरियम आशियामार्गे युरोपापर्यंत गेला. नेब्रास्कात ॲशफॉल नावाची जागा आहे, सुमारे १.२ कोटी वर्षांपूर्वीची. दूरच्या ज्वालामुखीची राख पाणवठ्यावर पडली आणि गेंडे, उंट, घोडे जागच्या जागी गाडले गेले. त्या एकाच पाणवठ्यावर पाच प्रकारचे घोडे आहेत. यांतला ‘पुढचा’ कोण आणि ‘मागचा’ कोण, ते ज्याने त्याने ठरवावं. जीवाश्मशास्त्रज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगून ठेवलं होतं की ही वंशावळ फांद्याफांद्यांची आहे. तरी चित्र काही हललं नाही. एक फांदी सोडून बाकी सगळ्या मेल्या, म्हणून उरलेल्या फांदीपासून मागे बघितलं की सरळ रस्ता दिसतो, एवढंच त्या रांगेचं रहस्य. समजा घोडे सगळे मेले असते आणि बुटका तीन बोटांचा नॅनिपस उरला असता, तर पुस्तकात आपण ‘घोडा लहान कसा होत गेला’ हे शिकलो असतो.

दातांवर जरा थांबते, कारण घोडा म्हणजे मुख्यतः त्याच्या दाढा. जुन्या घोड्यांच्या दाढा आपल्यासारख्या होत्या, बुटक्या आणि उंचवट्यांच्या. पानं, फळं चघळायला पुरेशा. गवत निराळं असतं. त्याच्या पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि जमिनीलगत चरताना तोंडात माती-वाळूही जाते. बुटकी दाढ या खाण्यावर काही वर्षांत सपाट होईल, आणि दाढ संपली की घोडा उपाशी मरतो. यावर उपाय झाला तो उंच दाढेचा. १.७ कोटी वर्षांच्या आसपास मेरिचिपस आणि त्याच्या जवळच्या घोड्यांत दाढ उंच होऊ लागली आणि तिच्यावर सिमेंट नावाच्या हाडासारख्या पदार्थाचा थर चढला. आजच्या तरुण घोड्याची दाढ सात-आठ सेंटिमीटरहून लांब असते, पण त्यातली बहुतेक जबड्याच्या हाडात दडलेली. वरून ती वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजते आणि खालून तितकीच वर सरकते. म्हातारा घोडा चाऱ्याची गुंडी तोंडातून टाकून देऊ लागला की समजायचं, खालचा साठा संपत आला.

यातही एक गंमत आहे. पुस्तकात वाक्य असतं: ‘जंगलं गेली, गवत आलं, दाढा उंच झाल्या.’ अमेरिकेच्या मैदानांत गवताळ प्रदेश आधी पसरले आणि उंच दाढा त्यानंतर काही लाख नव्हे, काही दशलक्ष वर्षांनी आल्या. मधल्या काळात घोडे बुटक्या दाढांनी गवत आणि पाला असं मिश्र खात भागवत होते. नंतर उलटही झालं. फ्लोरिडातल्या सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच्या घोड्यांच्या दातांतल्या कार्बनचा आणि झिजेचा अभ्यास झाला, तेव्हा सगळ्यांच्या दाढा उंच असूनही त्यांतले काही चक्क पाला खात होते. अवयव एका कामासाठी घडतो आणि प्राणी त्याचा वापर दुसऱ्याच कामाला करतो. तबेल्यात मला हेच रोज दिसतं. आपण घोड्याला दळलेलं, भिजवलेलं, मऊ खाणं देतो. जबडा गवतासाठी लागतो तसा आडवा पूर्ण फिरत नाही, मग दाढांच्या कडा न झिजता वाढतात, गालाला टोचतात आणि मालक म्हणतो, घोडा लगाम घेत नाही. तोंड उघडून कानस चालवायचं आमचं काम त्यातूनच निघालं. लगामाच्या कडीला अडथळा करणारा दाढेपुढचा तो चिमुकला ‘वुल्फ टूथ’ म्हणजे पहिली उपदाढ. इओहिपसच्या तोंडात ती खरोखर कामाची होती. आता काही घोड्यांत उगवते, काहींत उगवतच नाही, आणि उगवली तर आम्ही बहुतेक वेळा काढून टाकतो.

आता बोटं. आधी एक गैरसमज काढू. घोड्याच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट आहे. मागच्या पायाला मध्येच जो कोपरासारखा सांधा दिसतो तो त्याचा घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. म्हणजे घोडा चार पायांच्या मधल्या बोटांच्या टोकांवर, नखांवर उभा आहे. ते नख म्हणजेच खूर, ज्याला नालबंद नाल ठोकतो. मनगटाखालच्या नळीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक, खाली निमुळती होत संपणारी हाडं असतात. ती दुसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या तळव्याची हाडं. दोन-तीन वर्षांचं शिंगरू रेससाठी पळवायला घेतलं की पुष्कळदा नळीच्या आतल्या बाजूला गरम, दुखरी गाठ येते. सईस म्हणतो ‘स्प्लिंट आलं’. ती गाठ म्हणजे नळी आणि त्या जुन्या बोटाच्या हाडामधल्या बंधाला आलेली सूज आहे. वय वाढलं की तो बंध हाडासारखा होतो आणि तक्रार संपते.

बोटं का गेली? कुणी ती ‘वापरली नाहीत म्हणून’ गेली असं नाही. पायाचं टोक जितकं हलकं, तितका तो पुढे-मागे झुलवायला कमी ताकद लागते. म्हणून घोड्याच्या मनगटाखाली जवळजवळ स्नायूच नाही. सगळे स्नायू वर, आणि खाली फक्त लांब कंडरा. पाय टेकताना त्या ताणतात, पाय उचलताना आपोआप आखडतात आणि ताकद परत देतात. हा स्प्रिंगचा सौदा जमायला पाय एका रेषेत चालणारा लागतो, बाजूला पसरणारा नाही. शिवाय शरीर जड होत गेलं तसं मधल्या बोटाचं हाड जाड झालं. २०१७ मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या काळच्या घोड्यांच्या नळ्यांची ताकद मोजून दाखवलं की मधलं हाड एकट्याने भार पेलू लागलं, तसतशी बाजूची बोटं आक्रसली.

पण म्हणून तीन बोटांचे घोडे मागासलेले होते असं समजू नका. हिपेरियन गटाचे तीन बोटांचे घोडे सुमारे १.१ कोटी वर्षांपूर्वी बेरिंगच्या भूमार्गाने, म्हणजे अलास्का आणि सायबेरिया जोडणाऱ्या जमिनीवरून, अमेरिकेतून आशियात उतरले आणि युरोप, चीन, भारत, आफ्रिका सगळीकडे पसरले. आफ्रिकेत ते गेल्या दहा-वीस लाख वर्षांपर्यंत टिकून होते. एक बोटाच्या आपल्या घोड्याचं वय अजून त्यांच्या या लांब मुक्कामाएवढं झालेलं नाही. टांझानियात लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत माणसाच्या पूर्वजांचे प्रसिद्ध ठसे आहेत, त्याच राखेत ३६ लाख वर्षांपूर्वीचे हिपेरियनचेही ठसे आहेत. त्यांची अंतरं मोजून चाल ओळखली गेली. ना दुडकी, ना चौखूर. पाय एकामागून एक टाकत पाठ न उसळता वेगाने जाणारी चाल. सारंगखेड्याला जिच्यासाठी लोक दुप्पट पैसे मोजतात ती रेवाल चाल त्याच घरातली. ती कुणी काठेवाडात शिकवली नाही, घोड्याच्या अंगात फार आधीपासून होती.

ॲशफॉलच्या राखेत तर एकाच जातीचे काही घोडे तीन बोटांचे आणि काही एका बोटाचे आढळले. म्हणजे कुठल्या तरी एका पिढीत बोटं गळून पडली असं झालं नाही, एकाच कळपात दोन्ही प्रकार फिरत होते. आजही क्वचित एखादं शिंगरू नळीच्या बाजूला छोटा जादा खूर घेऊन जन्मतं. ज्युलिअस सीझरच्या घोड्याचे खूर बोटांसारखे फाटलेले होते, असं सुएटोनियसने लिहून ठेवलं आहे. रोममध्ये तो शुभशकुन ठरला. आमच्याकडे मालक विचारतात, काढायला किती घ्याल.

पायांबद्दल एकच आणखी. घोडा उभ्याने झोपतो ते मागच्या गुडघ्याच्या वाटीमुळे. वाटी मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकवली की पाय कुलूप लागल्यासारखा ताठ राहतो आणि स्नायूंना विश्रांती मिळते. हे साधन एक बोटाच्या घोड्यांच्या शाखेत पक्कं होत गेलं. डायनोहिपस या त्या शाखेतल्या जुन्या घोड्याच्या हाडांत त्याची सुरुवात दिसते. कधी कधी ते कुलूप उघडतच नाही. पाय मागे ताठ राहतो, घोडा फरपटत चालतो, आणि मालक घाबरून रात्री फोन करतो. व्यायाम आणि मांडीचे स्नायू भरणं यावर बहुतेकांचं भागतं.

पोटाचं थोडक्यात सांगते. गाय रवंथ करून आधी आंबवते आणि मग पचवते. घोडा आधी पचवतो आणि मग मागच्या बाजूला, सीकम म्हणजे आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात, आंबवतो. यात चोथ्यातून गायीइतकं सत्त्व निघत नाही, पण खाणं लवकर पुढे सरकतं. त्यामुळे हलक्या, वाळक्या गवतावरही नुसतं जास्त खाऊन घोडा तगतो. अट एकच: तोंड चालू राहिलं पाहिजे. मोकळ्यावर तो दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. त्याचं जठर आठ ते पंधरा लिटरचं, त्यात आम्ल सतत पाझरत असतं आणि त्याला ओकता येत नाही. अशा प्राण्याला आपण दोन वेळा बादलीभर दाणा घालतो आणि मधले बारा तास रिकामं बांधून ठेवतो. पोटशूळ आणि जठरातले व्रण यांना मग दैव कशाला म्हणायचं? कमी दाणा, जास्त चारा, आणि तोही थोडा थोडा दिवसभर, हे मी औषधाआधी सांगते.

आजच्या घोडा, गाढव, झेब्रा या सगळ्यांचा समान पूर्वज ४० ते ४५ लाख वर्षांपूर्वीचा. हा आकडा २०१३ मध्ये पक्का झाला, कॅनडाच्या युकॉनमध्ये गोठलेल्या जमिनीत मिळालेल्या सुमारे ७ लाख वर्षं जुन्या हाडातून डीएनए वाचल्यावर. तेव्हा तो वाचलेला सर्वांत जुना जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकसंच, होता. घोडे अमेरिकेतून पुन्हा आशियात आले आणि त्यांचं मूळ घरच रिकामं झालं. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी अमेरिकेतले घोडे संपत गेले. हवामान की शिकारी माणूस, यावर वाद आहे. मला दोन्ही मिळून वाटतं. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेझ मेक्सिकोत १६ घोडे घेऊन उतरला तेव्हा तिथल्या लोकांनी हा प्राणी कधी पाहिला नव्हता. साडेपाच कोटी वर्षं तो त्याच खंडावर घडला होता.

आता गुजरात. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीच्या कॅम्बेथेरियम नावाच्या प्राण्याची हाडं मिळाली. तेव्हा भारत आशियाला जोडला जात होता किंवा नुकताच जोडला गेला होता. हा प्राणी घोडा नाही, गेंडाही नाही. घोडे, गेंडे आणि टेपिर ज्या विषमखुरी गटात येतात, त्या गटाच्या उगमाच्या अगदी शेजारचा तो आहे. त्यामुळे हा गट भारताच्या भूखंडावर जन्मला असेल, असा एक विचार मांडला जातो. तो रोचक आहे, पण त्यातून ‘घोडा भारतात घडला’ असं निघत नाही. गटाचा उगम आणि आजच्या घोड्याचं घडणं यांत कोट्यवधी वर्षांचं आणि एका खंडाचं अंतर आहे.

त्यानंतर भारतात घोडे आले ते बाहेरून, आणि पुन्हा पुन्हा. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांच्या थरांत एक कोटी वर्षांहून जुने तीन बोटांचे सिवाल्हिपस सापडतात. पुढे, सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीपासून, एक बोटाचा इक्वस सिवालेन्सिस दिसू लागतो. नर्मदेच्या गाळात इक्वस नमाडिकस मिळतो. या दोन्ही जातींना नावं फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिश संशोधकांनी १८४९ मध्ये दिली. यांतल्या कुणाचा वंश आजच्या पाळीव घोड्यात आलेला नाही. २०२१ मध्ये शेकडो प्राचीन घोड्यांचे जीनोम तपासून निघालेला निष्कर्ष असा, की आजचे सगळे पाळीव घोडे व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या भागातल्या एका कळपवंशातून आले आणि इ.स.पू. २००० च्या आसपास तो वंश झपाट्याने सगळीकडे पसरला. कझाकस्तानातले बोटाई लोक त्याच्याही दीड हजार वर्षं आधी घोडे बाळगत होते, पण त्यांचे घोडे निराळे. मंगोलियातला ६६ गुणसूत्रांचा प्रझेवाल्स्की त्यांच्या जवळचा. आपल्या पाळीव घोड्यात ६४ असतात.

आपल्या भागात पाळीव घोड्याची पक्की खूण म्हणून मी विदर्भाचं नाव घेईन. नागपूरजवळ माहुरझरी आणि त्या पट्ट्यातल्या शिलावर्तुळांखाली, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातल्या दफनांत माणसांबरोबर घोड्यांची हाडं आहेत, लोखंडी लगाम आहेत आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकारही. मध्ययुगात अरबस्तानातून जहाजांनी घोडे चौल, दाभोळ, गोव्याला उतरत, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर या व्यापारावर आपली पकड बसवली. त्या अरबी घोड्यांचा आणि इथल्या तट्टांचा संकर होऊन भीमथडी ही घोड्याची जात झाली असं मानतात. ती आज मुख्यतः धनगरांच्या वाड्यावर बिऱ्हाड वाहताना दिसते, आणि अलीकडेच तिला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही मिळाली आहे. ती तपासायला गेलं की तिचे दात मला सहसा कानशीवाचूनच बरे दिसतात, कारण ती दिवसभर चालत चालत माळावरचं गवत खाते.